कंपवात : डॉक्टरांना नेमके काय सांगावे?

कंपवात अर्थात पार्किन्सन्स या विकाराचे सविस्तर वर्णन इंग्लंडमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. मेंदूतील डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट झाल्याने तो जडतो. त्याचे निदान आजही मुख्यत्वे रुग्णाने सांगितलेली हकिकत आणि प्रत्यक्ष तपासणी यांवरच होते. पुढील उपचारांची दिशाही या हकिकतीवरच ठरते.

‘हात हलतो’ ही नेहमीची तक्रार. मात्र तिचे अर्थ दोन असू शकतात. लेव्होडोपा या औषधाचा परिणाम ओसरल्यावर परतणारा कंप वेगळा आणि परिणाम शिगेला असताना होणारी अनैच्छिक, वेडीवाकडी हालचाल वेगळी. पहिल्या स्थितीत दोन मात्रांमधील अंतर कमी करावे लागू शकते, तर दुसरीत मात्रा घटवावी लागू शकते. तक्रार अपुरी राहिली, तर उपचार उलट दिशेने जाण्याचा धोका असतो.

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातील रुग्ण घाटी रुग्णालयात जावो वा खासगी मेंदूविकारतज्ज्ञाकडे, तपासणीला मिळणारा वेळ मोजकाच असतो. दिवसभराचे चढउतार त्यात दिसत नाहीत. त्यामुळे गोळी व जेवण यांच्या वेळा, अंग केव्हा आखडते, केव्हा मोकळे होते, याची तीन-चार दिवसांची नोंद सोबत न्यावी. घरी मोबाइलवर केलेले चित्रीकरणही उपयुक्त ठरते.

बद्धकोष्ठता, वास न येणे, झोपेत ओरडणे वा हातपाय झाडणे, खिन्नता, भास, उभे राहताना येणारी चक्कर ही लक्षणे वार्धक्याची समजून सांगितली जात नाहीत. तीही याच विकाराशी वा औषधांशी निगडित असू शकतात. काही औषधांमुळे जुगाराची वा खरेदीची अनावर ओढ लागते. संकोचापोटी रुग्ण ती लपवतो, म्हणून डॉक्टरांनी स्वतःहून विचारणे आवश्यक असते.

रुग्णाचा आवाज क्षीण आणि चेहरा भावहीन झाला, म्हणजे त्याला समजत नाही असे नव्हे. कुटुंबीयांनी माहिती जरूर पुरवावी, परंतु आधी रुग्णाला बोलू द्यावे.

अन्य आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जातानाही कंपवाताची कल्पना द्यावी. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधाने लक्षणे बळावतात. कंपवाताची औषधे परस्पर बंद करणे तर घातकच.

पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व कुटुंबीयांना एकत्र आणते. आपली लक्षणे शब्दांत कशी मांडावीत, हे समदुःखितांच्या गप्पांतून सहज उमगते.