आम्ही कीं आपण?

गाविलगडाचे बुरूज पाहून चिखलदऱ्यास परतणाऱ्या प्रवाशाच्या कानीं वाटेंत कोरकूंचें बोलणें पडतें, आणि ही मराठीची किंवा हिंदीची एखादी बोली असावी असा त्याचा समज होतो. तो खरा नव्हे. कोरकूच्या सख्ख्या बहिणी म्हणजे दूर छोटानागपुरांतील मुंडारी व संताळी.

मेळघाटांत मुरलेल्या मिशनऱ्याचाहि आठवडा रविवाराभोंवतीं फिरे; कोरकूंचा मात्र बाजाराच्या दिवसाभोंवतीं. अर्थात् बोलावयाचें तर बाजारांतच. पण तेथें पहिल्याच सर्वनामाशीं अडखळण्याचा प्रसंग! कोरकू भाषेंत 'आम्ही' निराळें, 'आपण' निराळें. शिवाय दोघांसाठीं एक रूप व अनेकांसाठीं दुसरें. यांतील पहिला भेद मराठी वाचकाच्या रोजच्या बोलण्यांतला आहे, दुसरा तो संस्कृताच्या द्विवचनावरून ओळखील. इंग्रजीस दोन्ही परके. 'आम्ही पापी आहों' म्हणावें, तर ऐकणारा मोकळा सुटतो. 'आपण' म्हणावें, तर साहेबास कोरकूच्या शेजारीं जमिनीवर बसावें लागतें. धर्मप्रसारकाची सारी अडचण मला या एका शब्दाच्या निवडींत दिसते.

ती निवड शिकवणारा गुरु अर्थात् कोरकूच. त्याच्यापाशीं बसून कोरकू मिशनच्या जॉन ड्रेक यांनीं या भाषेचें व्याकरण रचलें. तें १९०३ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें. पुढें १९०६ सालीं ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा चौथा खंड निघाला, त्यांत मुंडा भाषांच्या पंक्तींत कोरकूचें पान आहे.