कर्ता कोण? शाळेतलं व्याकरण आणि सॉफ्टवेअर

शाळेत ‘वाक्यातला कर्ता ओळखा’ म्हटलं की मी वैतागायचो. आता तेच काम मी पार्सरकडून करून घेतो.

आयडिया जुनी आहे बरं का. १९८३ मध्ये रसेल अ‍ॅबट यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये मांडलं: प्रोग्रॅमने काय करायचं ते आधी साध्या इंग्रजीत लिहा. त्यातल्या नामांवरून डेटा टाइप सुचतात, क्रियापदांवरून ऑपरेशन्स. पण हे आपोआप होत नाही, विषय कळावा लागतो, हेही त्यांनी बजावलं.

१९९० च्या दशकात नासाच्या गोडार्ड सेंटरमध्ये ‘आर्म’ हे टूल आलं. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये ‘शॅल’ किती वेळा आलाय ते मोजायचं, ‘अ‍ॅडिक्वेट’ म्हणजे ‘पुरेसं’ असले मोघम शब्द पकडायचं. पण ते शब्द शोधायचं. पार्सर शब्दांमधलं नातं बघतो.

त्याचा उपयोग काय? आमच्या एका डॉक्युमेंटमध्ये होतं, ‘पेमेंट फेल झाल्यास ग्राहकाला कळवलं जावं.’ कोणी कळवायचं? दोन टीम एकमेकींच्या भरवशावर राहिल्या, मेसेज गेलाच नाही. पार्सरने एवढंच दाखवलं असतं: क्रियापद आहे, कर्ता नाही. कर्ता कोण, हे मात्र आपणच बसून ठरवायचं.