हलशी

हलशी : कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील प्राचीन राजधानीचे गाव व तीर्थस्थळ. प्राचीन नाव पलाशिका. खानापूरच्या आग्नेयेस सुमारे १४ किमी. मिरज–लोंढा लोहमार्गावरील खानापूर स्थानकात उतरून नंदगडमार्गे येथे जाता येते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील या मुलखात पाऊस भरपूर पडतो. त्यामुळे हिवाळ्यात जाणे सोयीचे. परिसरात मराठी व कन्नड दोन्ही भाषा बोलल्या जातात.

बनवासीच्या कदंबांची ही दुय्यम राजधानी होती. येथे सापडलेले त्यांचे ताम्रपट जे. एफ. फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केले. दक्षिणेतील जैन धर्माच्या इतिहासाला या ताम्रपटांचा मोठा आधार आहे. त्यांतील नोंदींनुसार कदंब वंशातील काकुस्थवर्मा युवराज असताना त्याने आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती या सेनापतीला जमीन दिली. पुढे मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधले आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या तिन्ही जैन संघांना मिळून ३३ निवर्तने जमीन दिली. रविवर्म्याच्या काळातील ताम्रपटात तर दरवर्षीची तरतूदच दिसते : कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यापनीय साधूंच्या भोजनाची व्यवस्था असावी. या भागातली झड अनुभवलेल्याला त्या चार महिन्यांच्या अन्नाचे मोल सहज उमगते.

अकराव्या-बाराव्या शतकांत हा प्रदेश ‘पलसिगे-बारा हजार’ या नावाने गोव्याच्या कदंबांकडे होता. त्यांच्या काळातील भूवराह नरसिंह मंदिर हे गावाचे मुख्य देवस्थान. मंदिराला समोरासमोर दोन गाभारे असून मधे मंडप आहे. एका गाभाऱ्यात नरसिंह, तर दुसऱ्यात भूदेवीला उचलून धरणारा वराह. मंडपात उभ्या राहिलेल्या भाविकाला नुसती मान वळवून विष्णूच्या दोन अवतारांचे दर्शन घडते. शिवचित्त पेर्माडी या राजाच्या काळातील येथील शिलालेखात कलियुगाचे ४२७० वे वर्ष, म्हणजे इ. स. ११६९, नोंदलेले आहे. कालगणनेसाठी शकाऐवजी कलियुग वापरण्याची ही रीत गोव्याच्या कदंबांच्या लेखांत आढळते. शिवचित्ताची राणी कमलादेवी हिने जवळच्या देगाव येथे कमलनारायण मंदिर बांधविले.

गावात गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर व हाटकेश्वर ही शिवालये तसेच जैन बसदी आहे. जवळच्या रामतीर्थ टेकडीवर रामेश्वराचे देऊळ आहे. गोव्याच्या कदंबांच्याच काळातील तांबडी सुर्ल येथील महादेव मंदिर घाटाखाली गोव्यात आहे. ही ठिकाणे एकत्र पाहिली, की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना नांदलेली एकच सत्ता व कला ध्यानात येते.

एकाच राजकुळाने एकाच काळात निरनिराळ्या पंथांना दिलेली दाने इतिहासात अनेक ठिकाणी आढळतात. हलशीत मात्र जैन, वैष्णव व शैव या तिन्ही परंपरांच्या खुणा कित्येक शतकांच्या अंतराने एकाच शिवारात एकमेकींशेजारी उभ्या राहिल्या, हे या गावाचे खरे वैभव. म्हणून यात्रेकरूने भूवराहाचे दर्शन घेऊन परत न फिरता बसदी आणि रामतीर्थही पाहावे. तिन्ही पाहिल्याशिवाय हलशी कळत नाही.