गाठीने उसनं घेतलेलं प्रथिन

कर्करोगाच्या गाठीला रक्त मिळतं कुठून, या प्रश्नाचं कूळ १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडतं. जूडा फोकमन आणि फ्रेडरिक बेकर यांनी शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या थायरॉईड ग्रंथींत कर्कपेशी सोडल्या. गाठी एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढल्या आणि थांबल्या. तिथून काढून उंदरांत लावल्यावर मात्र त्या झपाट्याने फोफावल्या, कारण तिथे नव्या रक्तवाहिन्या त्यांच्यात शिरू शकत होत्या. गाठ एखादं द्रव्य सोडून वाहिन्या आपल्याकडे ओढते आणि ते द्रव्य अडवलं तर गाठही अडेल, असं फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. अनेक वर्षं ते फारसं कुणाला पटलं नाही.

हे द्रव्य हाती लागलं ते दोन वाटांनी, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरल्ड ड्वोरॅक यांना गिनीपिगच्या कर्कपेशींत वाहिन्या पाझरायला लावणारं प्रथिन आढळलं. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी गाईच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या निरोगी पेशींतून वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं. दोन्ही एकच निघालं: व्हीईजीएफ. म्हणजे हे कर्करोगाचं स्वतःचं हत्यार नव्हेच. या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी काढली तरी उंदराचं पिल्लू गर्भातच मरतं, हे १९९६ मध्ये दिसलं. जखम भरताना, बीजकोशात दर महिन्याला नवी ऊती तयार होताना शरीर तेच वापरतं. पेशींना प्राणवायू कमी पडला की त्याचं उत्पादन वाढतं. प्राणवायूची ही जाण उलगडणाऱ्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. गाठीने नवं काहीच शोधलेलं नाही. शरीराची गरजेपुरती चालणारी यंत्रणा ती थांबू देत नाही, एवढंच.

म्हणूनच या प्रथिनाला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २००४ मध्ये बाजारात आलं तेव्हा रोग मुळासकट गेला नाही. एक वाट बंद झाली की गाठ इतर वाढ-घटक वापरते किंवा आधीच्या वाहिन्यांच्या कडेने पसरते. गर्भाशयमुखाच्या बळावलेल्या कर्करोगात २०१४ च्या चाचणीत केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्यावर मध्यक आयुष्य १३.३ महिन्यांवरून १७ महिन्यांवर गेलं. हे महिने थोडे म्हणून झिडकारावेत, असं मी म्हणणार नाही. ज्या घरात ते मिळतात तिथे त्यांची किंमत कळते. पण औषधाची मर्यादा प्रथिनाच्या कुळातच आहे.

गाठीला वाहिन्या मिळण्याआधीच रोग गाठायचा तर त्याचं उदाहरण जवळच आहे. बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याहून सोलापूरच्या दिशेने निघालं की धाराशिव जिल्हा लागतो. तेव्हाच्या या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी केली. एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, किंचित लहानच असलेल्या गटात ६४. यात विषाणू शोधला गेला, वाहिन्यांचा इथे काय संबंध, असं कुणी विचारेल. आक्षेप रास्त आहे. पण कर्कपूर्व बदल वरच्या आवरणातच असतात, त्या आवरणाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि बदल तिथेच बरीच वर्षं राहू शकतात. तपासणीला मिळणारी सवड ती हीच. पुढच्या तपासणीत डॉक्टर भिंगाखाली, हिरव्या प्रकाशात बघतात तीसुद्धा त्या आवरणाखालच्या वाहिन्यांची बदललेली ठेवण. ऊसतोडीसाठी वर्षातले पाच-सहा महिने गाव सोडणाऱ्या बीडच्या बायकांना वारंवार दवाखान्यात बोलावणं जमणारं नाही. म्हणून त्या निष्कर्षातला ‘एकदाच’ हा भाग इथे जास्त मोलाचा आहे: टोळ्या गावी असतात त्या पावसाळ्यात ही एक तपासणी होऊ शकते.