तीस सेंटांची वाट : केनियाच्या मटाटूचा इतिहास

परक्या देशात स्थानिक वाहनाने हिंडले की तो देश खरा कळतो, असा प्रवासवर्णनकारांचा एक लाडका समज आहे. अशा वर्णनांत गर्दी असते, बोचकी असतात, कर्कश संगीत असते आणि या साऱ्याकडे कौतुकाने पाहणारा लेखक असतो. इतिहास मात्र क्वचितच असतो. ही गाडी येथे कोणामुळे आली, तीत बसण्याची मुभा कोणाला होती, ती नव्हती तेव्हा लोक कसे जात-येत, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. केनियातील 'मटाटू' या वाहनाच्या निमित्ताने ते विचारून पाहण्यासारखे आहेत.

आरंभ रेल्वेपासून करावा लागतो. मोंबासा बंदर ते व्हिक्टोरिया सरोवर हा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेण्यात आले. त्यांतले सुमारे अडीच हजार तेथेच मेले. नैरोबी हे शहरही या रेल्वेचेच अपत्य. १८९९ साली तेथील पाणथळ माळावर रेल्वेचा तळ पडला आणि त्या तळाभोवती गाव वाढले. गाडीचे वर्ग तीन होते, आणि व्यवहारात ते वंशांचे वर्ग होते : पहिला गोऱ्यांचा, दुसरा हिंदी लोकांचा, तिसरा आफ्रिकनांचा. रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करणारे गोमंतकीय त्या मधल्या डब्यातले. वसाहतीच्या उतरंडीत आपली माणसे नेमकी कोठे बसली होती, हे सांगायला त्या डब्याहून बोलका पुरावा शोधावा लागत नाही.

आफ्रिकन माणसापुढचा प्रश्न मात्र केवळ डब्याचा नव्हता, मुळात हिंडण्याचाच होता. १९१५ साली नोंदणीचा कायदा झाला आणि पहिले महायुद्ध संपल्यावर तो अमलात आला. प्रौढ आफ्रिकन पुरुषाला 'किपांडे' नावाचा दाखला बाळगणे सक्तीचे झाले. त्यावर बोटांचे ठसे आणि नोकरीच्या नोंदी असत, आणि तो धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. मालकाच्या परवानगीविना मळा सोडून निघालेला मजूर त्यामुळे वाटेतच ओळखू येई. पुढे १९५२ साली आणीबाणी पुकारली गेली. एप्रिल १९५४ मध्ये लष्कराने नैरोबीला वेढा घातला आणि किकुयू समाजातील हजारोंना गोळा करून छावण्यांत धाडले. रस्त्यावर असणे हाच ज्यांच्या बाबतीत गुन्ह्याचा संशय होता, त्या लोकांनी पुढे स्वतःचे वाहन कसे उभे केले, हा मटाटूच्या इतिहासाचा गाभा आहे.

नैरोबीत १९३४ पासून एका ब्रिटिश कंपनीची बससेवा होती. १२ डिसेंबर १९६३ रोजी देश स्वतंत्र झाला, खेड्यांतून लोंढे शहराकडे येऊ लागले, आणि कडेला वाढणाऱ्या वस्त्यांना ती बससेवा पुरेनाशी झाली. ही उणीव जुन्यापान्या, डागडुजी केलेल्या, बिनपरवाना गाड्यांनी भरून काढली. प्रत्येकी दहा सेंटांची तीन नाणी हे त्यांचे भाडे. किकुयू भाषेत 'तीस सेंट' अशा अर्थाचा जो शब्दप्रयोग होता, त्यातला 'तीन' तेवढा उरला आणि तोच गाडीचे नाव झाला. कोणा संस्थापकाचे नाही, कंपनीचे नाही, थेट तिकिटाच्या दराचे नाव वाहनाला मिळावे, यातच तिचे प्रवासी कोण होते ते कळते. दशकभर या गाड्या पोलिसांना चुकवत धावल्या. अखेर १९७३ साली अध्यक्ष जोमो केन्याटा यांनी त्यांना परवान्याच्या अटीतून मोकळे केले. शासनाने मटाटू निर्माण केली नाही. आधीच धावत असलेल्या गाडीला त्याने वाट दिली.

या वाहनाचे वाङ्मयीन मोल न्गुगी वा थिओंगो यांनी ओळखले. १९७८ साली कामिटी तुरुंगात, तेथील शौचालयाच्या कागदावर त्यांनी आपली पहिली किकुयू कादंबरी लिहिली. ती १९८० साली प्रसिद्ध झाली आणि 'डेव्हिल ऑन द क्रॉस' या नावाने इंग्रजीत गेली. तिच्यातली पात्रे नैरोबीहून इल्मोरोगला एका खिळखिळ्या मटाटूतून निघतात आणि वाटेत एकमेकांना आपापली कहाणी सांगतात. त्यांत वांगारी नावाची शेतकरी स्त्री आहे. स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या या स्त्रीपाशी गाडीभाडे नसते. चालक तिला उतरवू पाहतो. सहप्रवासी तिच्या भाड्याचा भार उचलतात. स्वातंत्र्योत्तर केनियावरची न्गुगींची सारी टीका या एका प्रसंगात सामावली आहे. किपांडे गेला, पण त्याच्या जागी भाडे आले. आणि जे शासनाने द्यायचे, ते शेवटी शेजारच्या आसनावरच्या माणसाने दिले.

म्हणून मटाटूला मुक्तीचे प्रतीक म्हणून थांबणे सोपे असले, तरी पुरेसे नाही. १९९० साली एकपक्षीय राजवटीविरुद्ध असंतोष पेटला तेव्हा सरकारला नको असलेली गाणी या गाड्यांतून ऐकू येत, हे खरे. परंतु बेदरकार वेग, कोंबलेले प्रवासी, भीषण अपघात आणि थांब्यांवर खंडणी उकळणाऱ्या टोळ्या, हेही त्याच इतिहासात मोडते. फेब्रुवारी २००४ मध्ये वाहतूकमंत्री जॉन मिचुकी यांचे नियम लागू झाले : वेगनियंत्रक, आसनपट्टे, लहान गाडीत १४ प्रवासी, अंगावर पिवळा पट्टा. गाड्यांवरची भडक चित्रेही त्या काळात पुसली गेली, नि पुढे परतली. शिस्त हवीच होती. पण ज्या लोकांच्या हालचालींवर पूर्वी दाखल्याने पहारा ठेवला गेला होता, त्यांना ती निव्वळ शिस्त वाटणे कठीण होते.

२०१४ साली नैरोबी विद्यापीठातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून मटाटूंच्या मार्गांचा नकाशा सिद्ध केला. भ्रमणध्वनीच्या साहाय्याने, प्रत्यक्ष गाड्यांतून फिरून त्यांनी तो जमवला. तोवर शंभराहून अधिक मार्ग चालक, वाहक आणि प्रवासी यांच्या तोंडीच होते. २०१७ साली मोंबासा-नैरोबी मार्गावर नवी रेल्वे सुरू झाली, पण तिची स्थानके शहरांच्या मध्यभागापासून दूर असल्याने उतरल्यावर अनेक प्रवाशांना पुन्हा रस्त्यावरची गाडी शोधावी लागते. केनियात जाणाऱ्या परक्या प्रवाशाने त्या गाडीत अवश्य बसावे. देश खरा कळेल, एवढ्या आशेने मात्र बसू नये. आपण ज्या आसनावर बसलो आहोत ते मिळवायला येथील माणसाला किती काळ लागला, एवढे ठाऊक असले, तर गर्दीचे वर्णन निराळे होईल.