मांदारा डोंगरातले माफा : ज्यांच्यावर झालेल्या धाडी धाड घालणाऱ्यानेच लिहून ठेवल्या

१/ जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या अधिवेशनात मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. ही बातमी आपण सर्वांनी अभिमानाने वाचली. त्याच अधिवेशनात उत्तर कॅमेरूनमधील ‘दिय-गिद-बिय’ या १६ दगडी स्थळांचाही यादीत समावेश झाला. माफा भाषेत या नावाचा अर्थ होतो ‘मुखियाच्या निवासाचे अवशेष’. आजचा धागा ज्यांच्या गावांमध्ये ही स्थळे उभी आहेत, त्या माफा शेतकऱ्यांविषयी.

२/ चाड सरोवराच्या दक्षिणेस, कॅमेरून आणि नायजेरियाच्या सीमेवर मांदारा पर्वत आहे. त्याच्या कुशीत लहान लहान अनेक समाज राहतात आणि प्रत्येकाची भाषा निराळी. यांतील बहुतेक भाषा चाडिक शाखेतल्या. ही शाखा आफ्रो-आशियाई कुलातली, म्हणजे अरबी, हिब्रू आणि प्राचीन इजिप्शियन यांच्या दूरच्या नात्यातली. हौसा ही तिच्यातील सर्वांत मोठी भाषा. मांदारातील समाजांमध्ये माफा संख्येने मोठे आहेत.

३/ २००९ मध्ये एका संशोधनामुळे माफांचे नाव जगभर झाले. पाश्चात्त्य संगीत पूर्वी कधीही न ऐकलेल्या माफा श्रोत्यांना त्यातील आनंद, दुःख आणि भीती ओळखता येते, असा त्याचा निष्कर्ष होता. संशोधन मोलाचे होते. पण त्यातून माफा म्हणजे ‘जगापासून तुटलेले लोक’ अशी प्रतिमा रूढ झाली. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. जग त्यांच्या दारापर्यंत अनेकदा आले होते, आणि बहुधा घोड्यावर बसून आले होते.

४/ प्रथम त्यांचे शेत पाहू. ग्रॅनाइटचे तीव्र उतार, वर्षातून एकदाच येणारा पावसाळा आणि पातळ माती. माफांनी पिढ्यानपिढ्या दगडावर दगड रचून डोंगरच्या डोंगर पायऱ्यांचे केले. आपल्या आंबेगाव-जुन्नर भागातील पडकई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तंत्र ओळखीचे वाटेल. पावसाने एखादा बांध ढासळला की त्याच हंगामात तो पुन्हा रचावा लागतो. एक वर्ष आळस झाला, तर शंभर वर्षांची माती ओढ्यात जाते.

५/ या पायऱ्यांवर पिकते ती ज्वारी आणि बाजरी. अनेक गावांत एक वर्ष ज्वारीचे आणि पुढचे बाजरीचे, असा क्रम गावाने मिळून पाळला जातो. धान्य दळून त्याचा घट्ट गोळा शिजवतात आणि पालेभाजीच्या कालवणाबरोबर खातात. येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही पिके मूळची आफ्रिकेची. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात पोहोचली. दख्खनची भाकरी आणि माफांचा गोळा एकाच वंशाचे आहेत.

६/ घर म्हणजे दगड-मातीच्या गोल खोल्यांचा एकमेकींना चिकटलेला पुंजका. वर गवताची शंकूसारखी छपरे, आत येण्यास एकच दार, आणि सर्वांत आतल्या बाजूस धान्याची कणगी. घराला बाहेरून तटाचे रूप येते. गोठ्यात बांधून वाढवलेल्या जनावरांचे शेण पायऱ्यांवर जाते. शेतात राखलेले बाभळीच्या कुळातील एक झाड पावसाळ्यात पाने गाळते. त्यामुळे पिकाला ऊन मिळते आणि उन्हाळ्यात गुरांना हिरवा चारा.

७/ माफांच्या श्रद्धेला देऊळ लागत नाही, मडके लागते. ‘झिकिले’ हा सर्वश्रेष्ठ देव. त्याच्यासाठी आणि घरातल्या मृत पितरांसाठी वेगवेगळी मडकी घडवली जातात. वडील वारले की त्यांच्या नावाच्या मडक्यावर मुलगा ज्वारीचे मद्य ओततो आणि घराची खुशाली मागतो. काही वर्षांच्या अंतराने ‘मराय’ हा बैलाचा उत्सव होतो. कोंडून, चारून पुष्ट केलेला बैल बाहेर काढतात आणि पितरांना बळी देतात. पितर, पाऊस आणि पीक या त्यांच्या लेखी वेगळ्या गोष्टी नाहीत.

८/ मडके घडवणारी स्त्री लोहाराच्या घरची असते. पावसाने डोंगरातून वाहून आणलेली काळी लोहयुक्त वाळू धुऊन, तिच्यापासून माफा लोहार भट्टीत लोखंड काढीत. शेतीची अवजारे तेच घडवतात, मृतांना तेच पुरतात, शकुनही तेच पाहतात. त्यांच्या स्त्रिया कुंभारकाम आणि सुईणपण करतात. इतका आवश्यक असलेला हा गट समाजात मात्र वेगळा ठेवला गेला. त्यांच्याशी इतरांचा विवाह होत नाही, सहभोजनही होत नाही. आपल्या वाचकांना यावर अधिक भाष्याची गरज नसावी.

९/ आता घोडेस्वारांकडे वळू. डोंगराच्या पायथ्याशी वांडाला, म्हणजेच मांदारा, हे राज्य होते. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याच्या राजाने इस्लाम स्वीकारला. एकोणिसाव्या शतकात फुलानींच्या जिहादातून अदामावा अमिरात उभी राहिली. या राज्यांचे एक मोठे उत्पन्न होते गुलाम, आणि ते मिळवण्याची जागा होती डोंगर. मैदानातील लोक डोंगरवासीयांना ‘किर्दी’ म्हणत. हा शब्द तुच्छतेचा होता आणि ज्यांना पकडणे क्षम्य मानले जाई अशांसाठी वापरला जाई. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी डिक्सन डेनहॅम याच प्रदेशातल्या एका गुलाम-मोहिमेबरोबर गेला. मोहीम फसली आणि तो जेमतेम जीव वाचवून परतला.

१०/ हे सारे विसाव्या शतकापूर्वीच संपले असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. मदागालीचा सरदार हम्मान याजी याने १९१२ ते १९२७ या काळात अरबीत रोजनिशी लिहिली. कोणत्या दिवशी कोणत्या गावावर माणसे पाठवली, किती बंदी आणि किती गुरे हाती लागली, याच्या नोंदी तो एखाद्या व्यापाऱ्याच्या खतावणीसारख्या शांतपणे करतो. सुकुर आणि माफा वस्त्या त्यात वारंवार येतात. १९२७ मध्ये ब्रिटिशांनी त्याला अटक केली. १९९५ मध्ये ही रोजनिशी इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे येथे खरा पेच उभा राहतो. आपली शिस्त लिखित साधनाला मान देते, आणि येथे सर्वांत तपशीलवार लिखित साधन आहे ते धाड घालणाऱ्याचे. त्यात माफा केवळ संख्या म्हणून येतात. त्यांचे स्वतःचे दप्तर वाचायचे, तर बांध, कणग्या, भट्ट्यांचे अवशेष आणि मडकी वाचावी लागतात.

१२/ असे वाचन केले की ‘धाडींना भिऊन डोंगरावर पळालेले लोक’ ही सरळ कथाही अपुरी ठरते. दिय-गिद-बिय ही स्थळे साधारण पाच-सहाशे वर्षांपूर्वीची, म्हणजे फुलानी जिहादाच्या कितीतरी आधीची. ते पहाऱ्याचे बुरूज असावेत, असे प्रथमदर्शनी वाटते. पुरातत्त्वज्ञ निकोलस डेव्हिड यांनी मात्र त्यांचा संबंध दुष्काळ आणि पर्जन्यविधींशी जोडला. डोंगराने आसरा दिला हे खरे, पण त्यापूर्वीच लोकांनी तो आपलासा करून पिकता केला होता.

१३/ वसाहतकाळात आणि १९६० च्या स्वातंत्र्यानंतर, शासनाने डोंगरवासीयांना मैदानात उतरण्यास प्रवृत्त केले. कर, कापूस, शाळा आणि नवे धर्म एकामागून एक आले. १९५९ मध्ये दक्षिण कॅमेरूनमधील धर्मगुरू सिमों म्पेके, म्हणजेच ‘बाबा सिमों’, शेजारच्या तोकोंबेरे येथे आले आणि डोंगरी मुलांसाठी शाळा हे त्यांनी आयुष्याचे काम मानले. गरजा मात्र साध्याच राहिल्या : उन्हाळ्यात जवळ पाणी, आजाऱ्याला दवाखाना, मुलांना शाळा, आणि झोपताना निश्चिंती.

१४/ यांतील शेवटची गरज पुन्हा हिरावली गेली. डिसेंबर २०१४ मध्ये बोको हरामने नायजेरियाच्या बाजूचे सुकुर जाळले. हे गाव १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कॅमेरूनच्या बाजूची माफा गावेही हल्ल्यांच्या छायेत आली. मोकोलोजवळच्या मिनावाओ छावणीत नायजेरियातून आलेले हजारो निर्वासित राहतात.

१५/ वारसा यादीत दगडांची नोंद झाली, हे उत्तमच. परंतु ते दगड दर पावसाळ्यानंतर पुन्हा रचणारे हात गावात राहिले नाहीत, तर बांध काही वर्षांतच ढासळतील. त्यांच्याबरोबर माफांनी स्वतः लिहिलेला एकमेव इतिहासही वाहून जाईल, आणि आपल्या हाती उरेल ती हम्मान याजीची रोजनिशी.