मराठी पाने शोधयंत्राला कधी दिसू लागली

शोधयंत्रात पान वर आणण्याचा विषय तुम्हाला जाहिरातवाल्यांचा वाटत असेल. मराठीपुरता त्याचा इतिहास मात्र वेगळ्या जागी सुरू होतो. इथे आधी प्रश्न वर येण्याचा नव्हता, सापडण्याचाच होता.

1990 च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच मराठी संकेतस्थळे स्वतःच्या फॉन्टवर चालत. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’ या अक्षराच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असे. वाचकाला ‘क’ दिसे, पण फाइलमध्ये साठवलेले असे ते ‘डी’च. मग देवनागरीत शोध घेणाऱ्याला ते पान कसे मिळणार? युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. ‘क’ला 0915 हा क्रमांक मिळाला. पण विंडोज 2000 आणि त्यातला मंगल फॉन्ट येईपर्यंत साध्या संगणकावर त्याचा फारसा उपयोग नव्हता. माझ्या मते मराठी पानांचे सर्वांत मोठे ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणजे हे लिपीचे संकेतन.

दुसरा धागा दुव्यांचा. स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी 1998 मध्ये गुगलची रचना सांगणारा शोधनिबंध मांडला. युजीन गारफिल्ड यांनी शोधनिबंधांचे संदर्भ मोजायची पद्धत आधीच रूढ केली होती. या दोघांनी तसाच विचार वेबपानांना लावला. समजा एका पानाचे वजन 0.6 आहे आणि त्यातून तीन दुवे निघतात. प्रत्येकाच्या वाट्याला 0.2 येते, 0.85 या गुणकाने ते 0.17 होते. ज्या पानाकडे एकही दुवा येत नाही, त्याला केवळ किमान वजन मिळते. शिवाय दुव्यावरचे शब्दही लक्ष्य पानाच्या खाती जमा होतात. म्हणून ‘येथे क्लिक करा’ असा दुवा म्हणजे संधी वाया घालवणे. (आपल्या महाविद्यालयांची संकेतस्थळे एकदा या नजरेने पाहाच.)

अंतर्गत दुव्यांची कल्पना मराठीला नवी नाही. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 चा. त्यात नोंदीच्या शेवटी ‘पहा’ म्हणून संबंधित नोंदी दिलेल्या असतात. कागदावर वाचक उठून दुसरा खंड काढतो. शोधयंत्र उठत नाही. मजकूर वेबवर आला पण ‘पहा’पुढचे शब्द साधे शब्दच राहिले, तर संपादकांनी जोडलेले नाते यंत्राला कळत नाही. स्कॅन केलेल्या चित्ररूप पीडीएफचे तर अजून वाईट: अक्षरे ओळखून मजकूर काढल्याशिवाय त्यात यंत्राला वाचण्यासारखे काही नसते.

चंदीगडच्या वाचकांना हे घराजवळच दिसेल. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात रस्त्यांच्या सात पायऱ्या आहेत: व्ही-1 शहराबाहेर जोडणारा, व्ही-3 सेक्टरच्या कडेचा, व्ही-4 बाजाराचा, व्ही-6 घराच्या दारापर्यंतचा, व्ही-7 पायवाटेचा. मुखपृष्ठ, विभाग, पान अशी उतरंड आखताना हा नकाशा समोर ठेवा आणि प्रत्येक पानापर्यंत निदान एक व्ही-6 पोचतो का, ते तपासा.

नुसते शब्द पेरून मात्र आता काम होत नाही. कीवर्डचा मेटा टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, असे गुगलने 2009 मध्येच जाहीर केले. 2012 च्या पेंग्विन बदलाने विकत घेतलेल्या आणि बनावट दुव्यांचा भाव उतरवला.